ज्या अंगणात कुरडया, तिथं मुक्काम

पुण्याला एम.एस्सी.ला जायचं असेल तर आधी वर्धा जिल्हा घरचं मोठं माणूस सोबत न घेता फिरून दाखव, अशी अट कुणाच्या वडिलांनी घातल्याचं तुम्ही ऐकलं आहे का? माझ्या मैत्रिणीच्या, प्रज्ञाच्या वडिलांनी घातली. काका तलाठी म्हणून निवृत्त झाले. जिल्ह्यातल्या बहुतेक गावांतल्या बांधांशी आणि बांधावरच्या भांडणांशी त्यांची ओळख आहे. पुण्याशी मात्र काहीच नाही. प्रज्ञाला तिथल्या कॉलेजात जायचं होतं आणि काका महिनाभर हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, नुसते पेपर वाचत होते.

होळीला जोडून सुट्टी आली तेव्हा आम्ही तिघींनी फिरायला जायचं ठरवलं. तिघी म्हणजे प्रज्ञा, मी वैष्णवी आणि शिवानी. शिवानीला भूक लागते आणि भीती वाटते, ती एकदमच. गोव्यापासून सुरुवात झाली, चिखलदऱ्यापर्यंत उतरलो आणि शेवटी काकांच्या समोर बसून आमच्याच जिल्ह्यावर येऊन थांबलो.

"जा," काका म्हणाले. "दोन गाड्या घ्या. धुळवडीच्या दिवशी रस्त्यावर नाई राहाचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी निघा. अंधार पडल्यावर गाडी चालवाची नाई. अन् जिथं थांबान, तिथं माह्या वळखीच्या घरी जाचं, चहा घ्याचा, अन् त्यायच्या फोनवरून मले फोन कराचा."

"बाबा, लोकेशन पाठवते ना मी," प्रज्ञा म्हणाली.

"लोकेशननं फोन कुठी हाय ते समजते. पोरगी कशी हाय ते नाई समजत."

त्यांनी पुढं हेही सांगून टाकलं की ही फेरी नीट झाली तर पुण्याचं बोलू, नाहीतर वर्ध्यातही कॉलेजं आहेत. म्हणजे आमची सहल होती आणि प्रज्ञाची परीक्षा. मी चहा पीत नाही, हे मी तिथंच सांगायला हवं होतं, पण वातावरण तसं नव्हतं.

सकाळी ऊन चढायच्या आत आर्वी रस्त्याला लागलो. तुम्ही मार्चमध्ये इकडे येणार असाल तर पहाटेच निघा, कारण अकरानंतर हेल्मेटच्या आत डोकं शिजायला लागतं. स्कार्फ बांधा, वर हेल्मेट घाला, पाणी डिक्कीत न ठेवता पायापाशी ठेवा, नाहीतर चहाच्या तापमानाचं पाणी प्यावं लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. गहू कापणीला आलेला, कपाशीची शेवटची बोंडं वाळक्या झाडांवर लटकलेली, आणि हवेत मोहाचा गोडसर वास. इतकी वर्षं इथं राहून मी हे सगळं एसटीच्या खिडकीतूनच बघितलं होतं. शिवानी माझ्या मागे बसून मोठ्यानं गात होती आणि तिला सूर नाही हे मला पहिल्यांदाच आवडलं.

आंजीला आमची पहिली चौकी होती, वच्छलाबाई. अंगणवाडीत नोकरी केलेली बाई, त्यामुळे आम्ही तिघी तिच्यासाठी अजून अंगणवाडीतच होतो. तिनं आधी आमचे टायर दाबून पाहिले, मग आमचे चेहरे.

"नाश्ता केला का वं?"

"केला," आम्ही म्हणालो.

"मंग आता जेवा."

पाटोडीचा रस्सा होता. वरचा तेलाचा थर बघून मी घाबरले आणि नंतर भाकरीनं तोच थर पुसून खाल्ला. मग चहा. मी नाही म्हटल्यावर वच्छलाबाईनं काकांना फोन लावला आणि म्हणाली, "पोट्ट्या पोचल्या. एक चहा नाई पीत, तिले काई होते काय?" तेव्हापासून माझी तब्येत हा त्या सबंध दौऱ्यातला एक विषय झाला. पुढच्या प्रत्येक घरी काकांचा निरोप माझ्या आधी पोचलेला असे.

दुपार टळल्यावर खरांगण्याच्या पुढं धाम नदीवरचं धरण बघायला गेलो. निघताना वच्छलाबाईनं बजावलं, "पाह्यजा, बसजा, पन पाण्याले पाय नाई लावाचा. वरून थंडं दिसते, आत गाळ राह्यते." तिथं पोहोचलो तर मुलांचं एक टोळकं उरलासुरला धुळवडीचा रंग धुवायला पाण्यात उतरलेलं. "या ना, पाणी मस्त हाय," एकानं हात केला. शिवानीचा एक बूट तोवर निघालाही होता. तिला फक्त पाऊल बुडवून व्हिडिओ काढायचा होता. प्रज्ञानं तो बूट उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला. मग आम्ही भिंतीवर बसून दाणे खात पाण्यावरचं ऊन बघत राहिलो, आणि शिवानी एका बुटात सगळ्यात जास्त हसत होती. धरणावर जाल तर असंच करा, वरून बघा. तिथं कुणी अडवायला उभं नसतं, म्हणून सांगते.

रात्री वच्छलाबाईकडेच झोपलो आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याला वळसा घालून देवळीला गेलो. काकांनी प्रज्ञाला फोन करून विचारलं की पुढं वडनेरला गणपतकाकांकडे मुक्काम आहे हे लक्षात आहे ना. गणपतकाका त्यांच्या हाताखाली कोतवाल होते.

"बाबा, आज एकदा फोन करून पाहू काय त्यायले?"

"कायले? मागच्या आठवड्यात सांगतलं ना मी. गनपत कुठी जाते? गनपत घरीच राह्यते."

आमच्याकडे हे असं असतं. माणूस घरी आहे का हे विचारणं म्हणजे त्याच्या घरावर शंका घेणं. प्रज्ञानं फोन केला नाही, मीही आठवण दिली नाही.

देवळीच्या स्टँडवर तर्रीत बुडवलेला आलुबोंडा खा, एवढं माझं ऐका. बाकी देवळीत काकांच्या ओळखीचं एक किराणा दुकान होतं. त्या दुकानदारानं आम्हाला पोत्यांवर बसवलं, चहा मागवला, माझ्यासाठी न विचारता दूध मागवलं आणि फोनवर काकांना पीक-पाण्यापासून सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाला, "हो, पोरीयी हायेत." एवढ्यात आमचा दीड तास गेला. सुरक्षिततेची ही पद्धत उत्तम आहे, फक्त तिच्यात वेळेचा हिशेब धरलेला नाही. कुठल्याही वऱ्हाडी घरातून चहा घेऊन पाच मिनिटांत निघता येईल असं समजून तुम्ही बेत आखू नका.

देवळीहून आतल्या रस्त्यांनी हिंगणघाट गाठलं, पेट्रोल भरलं आणि हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला लागलो. इथं मात्र आम्ही गाणं बंद केलं. ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. डाव्या कडेला राहायचं, एकीच्या मागे एक चालायचं, शेजारी येऊन गप्पा मारायच्या नाहीत आणि मागची दिसेनाशी झाली की थांबायचं, एवढं पाळलं. वडनेरला शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पश्चिमेकडे ढग जमत होते.

गणपतकाकांच्या दाराला कुलूप होतं.

आम्ही आधी हसलो. मग प्रज्ञानं फोन लावला, तो बंद. शेजारून बैल घेऊन जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, "गनपतभाऊ त चांद्याले गेले सकाळीच. पोरीले दवाखान्यात नेलं ना, बाळंतपनाचं हाय." चांदा म्हणजे चंद्रपूर. एवढं सांगून तो बैलांमागे निघून गेला.

शिवानीनं माझा हात धरला. वर्ध्याला परत निघावं तर महामार्गावर हमखास अंधार पडणार. काकांना फोन करावा तर काय सांगायचं, की तुमची साखळी तुटली आणि आम्ही रस्त्यावर उभ्या आहोत? प्रज्ञा कुलपाकडे बघत होती. तिला कुलपाच्या जागी पुणं दिसत असणार, कारण ती हळूच म्हणाली, "गेलं वैष्णवी, सगळं गेलं."

तेवढ्यात मोटरसायकलवरून दोन पोरं आली. थांबली, आमच्या गाड्यांचे नंबर वाचले. "राहाचं हाय काय? हायवेवर लॉज हाय आपल्या वळखीचा. चाला, दाखवून देतो." कदाचित ती चांगलीही असतील, मला माहीत नाही. शिवानीच्या तोंडातून "किती" एवढं निघालंच होतं. प्रज्ञा मध्येच बोलली, "नाई, आमच्या काकू येऊन राह्यल्या." आणि कुणीतरी खरंच येत असल्यासारखी ती गाडी ढकलत गल्लीत निघाली. आम्ही मागोमाग.

"कोणती काकू?" मी विचारलं.

"पाहून राह्यली ना," ती म्हणाली.

ती खरंच पाहत होती. एकेका अंगणात, ओट्यावर, छपरावर. एका घराशी तुळस आणि रांगोळी बघून शिवानी म्हणाली की हे घर चांगलं दिसतंय. प्रज्ञानं मान हलवली. एका घराला नव्या टाइल्स होत्या, तिथंही नाही. मग एका वळणावर ती थांबली. अंगणभर बाजा, म्हणजे खाटा, टाकलेल्या, बाजांवर जुनी पातळं, आणि पातळांवर कुरडया. त्याच वेळी वारा सुटला. एक पातळ फडफडून अर्धं उलटलं. घरातून एक बाई धावत आली, मागून एक म्हातारी, आणि दोघींना कळेना की आधी कुठलं टोक धरावं.

प्रज्ञानं गाडी स्टँडवर लावली आणि न विचारता एका पातळाचं टोक धरलं. मी दुसरं धरलं. शिवानीनं म्हातारीच्या हातातून परात घेतली. पुढचा काही वेळ कुणी कुणाला नाव विचारलं नाही. वारा पातळ ओढत होता, आम्ही उलटं ओढत होतो, अर्धवट वाळलेल्या कुरडया हाताला चिकटत होत्या, आणि त्या बाईच्या सूचना चालूच होत्या, "दाबू नको वं, मोडन, खालून धर, खालून." सगळं ओसरीत आलं तेव्हा चार थेंब पडले आणि ढग पुढं निघून गेले. आम्ही पाचही जणी ओसरीत बसून हसायला लागलो.

मग तिनं विचारलं, "कोनाच्या पोरी वं तुमी?"

प्रज्ञानं सगळं खरं सांगितलं. गणपतकाका, कुलूप, बाबा, अंधार. आणि शेवटी, "आमाले आज राहू देता काय?"

बाईचं नाव सुमन. नवरा हिंगणघाटला रात्रपाळीला, घरी ती, सासू आणि दोन शाळकरी मुली. सुमनताई काही बोलायच्या आत सासूबाईंनी आडनाव विचारलं. प्रज्ञानं सांगितलं. आडनावातून आमच्याकडे जातीसकट सगळंच कळतं. सांगून झाल्यावर ती ज्या तऱ्हेनं थांबली त्यावरून मला समजलं की काकांच्या ओळखीच्या घरांत हाही एक भाग होता. तो आजवर माझ्या कधी डोक्यातही आला नव्हता, कारण मला तसं थांबावं लागत नाही. सासूबाईंनी शिवानीच्या परातीतल्या कुरडयांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हात धुवा तिघी. सुमे, चिक ठेवला ना वेगळा? दे पोरींले."

कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चिक, वर कच्चं तेल आणि तिखट. मला हा पदार्थ फक्त नावानं माहीत होता. वाटी चाटली, दुसरी मागितली.

आता फोन. सुमनताईंच्या फोनवरून, स्पीकर लावून. "मी वडनेरची सुमन बोलून राह्यली. तुमी मले वळखत नाई, मी तुमाले वळखत नाई. तुमच्या पोरी माह्यापाशी हायेत." काकांनी एकेक विचारलं. घरी कोण कोण. घर कुठल्या गल्लीत. गणपत कुठं. आणि नंतर, "पोरीले द्या."

"प्रज्ञा, तू त्या बाईले वळखतं काय?"

"नाई बाबा."

"मंग त्या घरात काऊन गेली?"

"वाळवण होतं म्हणून," प्रज्ञा म्हणाली. "वाळवण घातलं की बाई दिवसभर घरीच राह्यते, कावळे हाकलत. घर रिकामं नसते. अन् कुरडया एकटीनं होत नाई. त्या अंगणात पुऱ्या गल्लीच्या बाजा होत्या बाबा. जिच्याकडे चार घरच्या बाया चिक घोटाले येते, ती बाई काई वाईट असन काय?"

सुमनताई पदरानं तोंड झाकून हसल्या. मग काका म्हणाले, "मी येऊन राह्यलो. गाडी काढतो."

"बाबा," प्रज्ञा म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ झाला, "अंधार पडल्यावर गाडी चालवाची नाई. तुमीच सांगतलं."

ते आले नाहीत. पण जेवताना फोन आला, हात धुताना आला, अंथरूण टाकताना आला. शेवटचा सासूबाईंनी घेतला. "अरे बापा, झोपू दे पोरींले. अन् तूही झोप," असं सांगून त्यांनी फोन उशाखाली ठेवून दिला. मी आयुष्यात कुणाला काकांशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. जेवणात वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा आणि तळलेल्या ओलसर कुरडया होत्या. सुमनताईंच्या मुलींनी आमच्याकडून स्कार्फ बांधायचे प्रकार शिकून घेतले. दोन घरं सोडून एक बाई मुद्दाम आम्हाला बघायला आली आणि जाताना म्हणाली, "सुमीच्याच घरी आल्या हे बरं केलं." प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. ती किती खूश होती हे मला अंधारातही दिसलं असतं.

सकाळी निघताना आम्ही पैसे पुढं केले तर सुमनताईंनी असं बघितलं की आम्ही तिघींनी एकदम हात मागे घेतले. उलट मोडक्या कुरडयांची एक पिशवी मिळाली. एकंदर खर्च विचाराल तर पेट्रोल, आलुबोंडे आणि दाणे. एवढा कमी खर्च प्रत्येकाच्या नशिबी नसतो, म्हणून तुम्ही मुक्कामाची जागा त्याच दिवशी सकाळी फोन करून पक्की करा. गणपत कुठं जातो असं म्हणू नका. गणपतला नात झाली, तो चांद्याला गेला, आणि जायलाच हवं होतं.

वर्ध्याच्या वेशीवर चहाच्या टपरीशी काका उभे होते. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही, पण टपरीवाल्यानं आम्हाला बघून "आल्या बापा एकदाच्या" म्हटलं. काकांनी आमच्या गाड्यांचे टायर दाबून पाहिले, अगदी वच्छलाबाईसारखे. मग चहा मागवला, चार. मीही एक घेतला आणि तेवढ्यापुरता तो मला आवडलाही. पुण्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. घरापर्यंत आमच्या मागून, डाव्या कडेनं, हळूहळू येत राहिले.

आठवडा गेला. प्रज्ञा कॉलेजात यायची, पण बोलायची नाही. तिच्या मते ती नापास झाली होती, कारण साखळी तुटली ती तुटलीच. मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते की साखळी काकांची तुटली, तिनं जोडली, पण ते तिला तिच्या बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं. मला स्वतःला मात्र त्या फेरीनं बदललं आहे. आता मी कुठल्याही नव्या गल्लीत शिरले की आधी अंगणं बघते. कोण कुणाच्या दारात मोकळेपणानं येतंय-जातंय ते बघते. आणि आडनाव सांगून न थांबता पुढचं वाक्य बोलता येतं, ही माझ्या वाट्याला फुकट आलेली गोष्ट आहे, हेही आता विसरता येत नाही.

परवा संध्याकाळी प्रज्ञाच्या घरी गेले होते. काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, सुमनताईंच्या कुरडया तळल्या होत्या. काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर न खाली करता हात पुढं केला, कुरडईचा एक तुकडा घेतला, खाल्ला. मग पेपरच्या आडूनच विचारलं, "पुन्याले वाळवन घालते काय वं लोकं?"

स्वयंपाकघरात काकूंचा झारा थांबला. प्रज्ञा म्हणाली, "घालत असतीन बाबा. पाहीन मी."

"पाह्यजो," काका म्हणाले. पेपर खाली आला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "अन् ती बाई सापडली का, तिच्याच फोनवरून फोन करजो मले."